थंड हवेचें माहात्म्य

मोटारीला थंड हवा पाजली तर तिचें बळ वाढतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां हौशी तरुणांच्या बैठकींतला वाटतो. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या गॅरेजांतून तो आज ऐकूं येतो. बॉनेट उघडावयाचें, आंतील काळी प्लॅस्टिकची पेटी काढून टाकावयाची, तिच्या जागीं चकचकीत नळी आणि शंकूच्या आकाराची गाळणी बसवावयाची, आणि या सरंजामास ‘कोल्ड एअर इन्टेक’ असें भारदस्त नांव द्यावयाचें, असा हा प्रकार आहे. गाडी साधी असली तर वाद फारसा रंगत नाहीं. परंतु जिला सुपरचार्जर आहे, म्हणजे जिच्या एंजिनांत हवा पंपानें दाबून भरली जाते, अशा गाडीचा विषय निघाला कीं दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हवा दाबली कीं ती तापणारच. मग ती आधीं थंड घेतली काय आणि ऊन घेतली काय, सारखेंच. दुसरा म्हणतो, पुढें तापणार आहे म्हणूनच ती प्रथम थंड घेतली पाहिजे. वडील मंडळींस हा पोरखेळ वाटत असेल, तर त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, दोनशें वर्षांपूर्वीं विलायतेंतील मोठमोठ्या लोखंडवाल्यांचा नफा-तोटा याच प्रश्नावर ठरला आहे. आणि ज्या मुलुखांत तो वाद आज चालला आहे, त्या मुलुखानेंहि भट्टी, कंदील आणि तेलाचें एंजिन या तिहींच्या द्वारां त्याचा अनुभव घेतलेला आहे.

आज ज्यास आपण सांगली जिल्हा म्हणतों तो १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्याआधीं कृष्णाकांठचा हा प्रदेश ब्रिटिशांचा सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, औंध इत्यादि संस्थानें यांत विभागलेला होता. लोखंड वितळविण्याची विद्या येथें नवी नव्हे. महाबळेश्वराच्या डोंगरांत धावड लोक तेथील दगडांतून लोखंड गाळीत असत. कोळसा जंगलचा, आणि वारा हातभात्याचा. एकोणिसाव्या शतकांत जंगलाचे निर्बंध कडक झाले, विलायती लोखंड स्वस्त झालें, आणि ते भाते थंडावले. पुढें १० मार्च १९१० रोजीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हां वाऱ्याचा व लोखंडाचा संबंध या मुलुखांत पुनः जुळला, आणि तो फार मोठ्या प्रमाणावर जुळला. तेथें प्रथम नांगर ओतले गेले आणि १९२६ पासून पाण्याचे पंप निघूं लागले. ही वाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. इकडे साताऱ्यांत धनजीशहा कूपर यांनीं १९२२ सालीं कारखाना काढला. हे गृहस्थ एप्रिल ते जुलै १९३७ या अवघ्या चार महिन्यांत मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान होते, व राजकारणाच्या इतिहासांत त्यांची नोंद तेवढ्यापुरतीच होते. पण त्याच दशकांत त्यांच्या कारखान्यांत डिझेल एंजिनें तयार होऊं लागलीं होतीं. हिंदुस्थानांत तयार झालेल्या अगदीं आरंभींच्या डिझेल एंजिनांत त्यांची गणना होते. मंत्रिपदाच्या चार महिन्यांपेक्षां माझ्या मतें ही कामगिरी अधिक वजनाची आहे.

ओतकामाच्या भट्टीपाशीं ज्यानें काम केलें आहे, त्यास हवा हा कच्चा माल आहे हें निराळें शिकवावें लागत नाहीं. उभ्या क्युपोला भट्टींत एक टन लोखंड पातळ करावयाचें तर जवळजवळ टनभर हवा फुंकावी लागते. कोक आणि लोखंड यांचीं वजनें आपण डोळ्यांनीं पाहतों. हवेचें वजन दिसत नाहीं, म्हणून ती फुकटची वाटते, इतकेंच. मोटारीचाहि हिशेब याच जातीचा आहे. एक किलो पेट्रोल पुरतें जाळावयास सुमारें पंधरा किलो हवा पाहिजे. पेट्रोल पंपावर आपण मोजून पैसे देतों तो या मिश्रणाचा केवळ सोळावा हिस्सा असतो.

आतां त्या जुन्या वादाकडे वळूं. १८२० च्या सुमारास विलायतेंतील लोखंडवाल्यांची अशी पक्की समजूत होती कीं, भट्टींत जितकी थंड हवा फुंकावी तितकें लोखंड चांगलें व भरपूर उतरतें. समजूत अनुभवाची होती; हिवाळ्यांत भट्ट्या खरोखरच चांगल्या चालत, उन्हाळ्यांत रडत. म्हणून कोणी हवेचे नळ पांढऱ्या रंगानें रंगवीत, कोणी ती थंड पाण्यावरून नेत. अशा वेळीं ग्लासगोच्या गॅस-कारखान्याचा व्यवस्थापक जेम्स नीलसन याने उलटाच विचार मांडला. हवा आधीं तापवून मग भट्टींत सोडावी, असें तो म्हणाला, आणि १८२८ सालीं त्यानें त्याचें पेटंट घेतलें. लोखंडवाले हंसले. परंतु क्लाइड येथील भट्टीवर प्रयोग झाला, आणि जेथें एक टन लोखंडामागें आठ टनांहून अधिक दगडी कोळसा जळत होता तेथें हवा तापविल्यावर तो पांच टनांच्या आसपास आला, व पुढें त्याहूनहि पुष्कळ खालीं गेला. हंसणारे लोक मग पेटंट चुकविण्याच्या खटपटीस लागले आणि नीलसनला कोर्टांत लढावें लागलें. थंड हवेच्या भक्तांचा हा पहिला मोठा पराभव.

पण त्यांचा हिवाळ्याचा अनुभव खोटा होता काय? नव्हता. खोटा होता तो त्यांनीं काढलेला अर्थ. हिवाळ्याची हवा दोन कारणांनीं बरी असे. एक म्हणजे तिच्यांत पाण्याची वाफ कमी. भट्टींत शिरणाऱ्या वाफेचे घटक अलग होतांना पुष्कळ उष्णता खाऊन टाकतात. १९०४ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्गजवळच्या एका भट्टीवर जेम्स गेली यानें हवा गोठवून तींतील ओल काढून टाकली आणि कोकची मोठी बचत करून दाखविली, तेव्हां या गोष्टीचा निकाल लागला. दुसरें कारण असें कीं, भट्टीस वारा घालणाऱ्या यंत्राचा दट्ट्या एका खेपेस ठराविक मापाचीच हवा ढकलतो, आणि थंड हवा दाट असल्यामुळें तेवढ्याच मापांत अधिक वजन बसतें. वाचकांनीं हें दुसरें कारण ध्यानांत ठेवावें. भट्टीच्या कामीं तें गौण होतें, कारण वारा कमी पडला तर यंत्र आणखी जोरानें चालवितां येतें. कमतरता असते ती उष्णतेची. मोटारीच्या कामीं तेंच कारण मुख्य ठरतें.

कंदिलाचें उदाहरण त्याहून घरगुती आहे. कऱ्हाडनजीक ओगलेवाडीस १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचकारखाना सुरू झाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचला. ज्यांच्या लहानपणीं वीज नव्हती त्यांस त्याची आठवण सांगावयास नको. वादळी कंदिलांच्या जगांत दोन जाती आहेत, एक ऊन वाऱ्याची आणि दुसरी थंड वाऱ्याची. पहिल्या जातींत दोन्ही बाजूंच्या नळ्या कांचेच्या माथ्यावरची तापलेली हवा पुनः ज्योतीकडे आणतात. दुसरींत त्या बाहेरची ताजी हवा घेतात. दुसऱ्या जातीच्या कंदिलाचा उजेड अधिक पांढरा व अधिक प्रखर पडतो. येथें थंड वारा जिंकला, असें वाटेल. परंतु ऊन वाऱ्याचा दोष त्याच्या उन्हेंत फारसा नाहीं. ती हवा एकदां जळून आलेली, प्राणवायु गमावलेली असते, हा तिचा खरा दोष. ज्योतीला तपमान नको होतें, प्राणवायु हवा होता. ‘थंड’ हा शब्द येथें ‘ताजा’ या शब्दाच्या जागीं बसला आहे. शब्दाच्या अशा अदलाबदलीनें पुढें मोटारीच्या बाजारांतहि पुष्कळांचे पैसे गेले आहेत.

एंजिनाची गोष्ट भट्टी व कंदील या दोहोंहून निराळी, कारण त्याचें पोट ठराविक मापाचें आहे. दोन लिटर मापाचें साधें एंजिन दर दोन फेऱ्यांना फार तर दोन लिटर हवा आंत घेणार. तेवढ्या जागेंत प्राणवायु किती मावला, यावर किती इंधन जळेल आणि किती जोर मिळेल हें ठरतें. हवेची घनता तपमानाप्रमाणें बदलते, पण तें तपमान उणे २७३ अंशांपासून मोजावें लागतें. त्या हिशेबानें ३० अंशांची हवा ही ३०३ अंशांची होय. म्हणून तीन अंशांनीं हवा निवली कीं प्राणवायु सुमारें एक टक्का वाढतो. टक्का लहान आहे हें खरें, पण तो फुकट मिळतो. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपटांत वैशाखाच्या दुपारीं चालणारें डिझेल एंजिन आणि तेंच एंजिन पौषांतल्या पहाटे, यांच्या दमांत जो फरक शेतकऱ्यास जाणवतो, त्यांतला बराच भाग या टक्क्यांचा आहे. पूर्ण भार असतां हवा अपुरी पडली कीं डिझेल काळा धूर ओकूं लागतें.

ठराविक पोटांत अधिक हवा कोंबावयाची तर ती दाबून भरली पाहिजे, ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. गॉटलीब डाइम्लर यानें १८८५ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. पण ज्या यंत्रानें ती पुढें सिद्ध झाली त्याचा जन्म मोटारींत झालेला नाहीं. अमेरिकेंत इंडियाना प्रांतांतील कॉनर्सव्हिल गांवीं रूट्स नांवाच्या दोन भावांनीं १८६० सालीं दोन एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या पाकळ्यांचें वारा घालण्याचें यंत्र बांधलें. तें भट्ट्यांस वारा घालण्याच्या कामीं जगभर वापरलें गेलें. म्हणजे ज्या पंपास आज आपण मोटारीचा सुपरचार्जर म्हणून मिरवितों, तो मुळांत ओतशाळेचा भाता आहे. किर्लोस्करवाडीच्या किंवा साताऱ्याच्या ओताऱ्यास तो परका वाटला नसता. १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीझनें असा पंप बसविलेल्या गाड्या विक्रीसाठीं मांडल्या. चालकानें पायाखालची पट्टी पुरती दाबली कीं पंप जोडला जाई आणि किंचाळे. दोन वर्षांनीं, १९२३ सालीं, मोंझाच्या शर्यतींत फियाटची गाडी याच साधनाच्या बळावर पहिली आली. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालींच दुसरी वाट दाखवून ठेवली होती. पट्टा किंवा दांते जोडून एंजिनाची शक्ति खर्चण्याऐवजीं धुराड्यांतून फुकट जाणाऱ्या वायूनेंच पंप फिरवावा, अशी ती वाट. तिलाच आज टर्बो म्हणतात.

दाबलेल्या हवेची खरी परीक्षा उंचीवर झाली. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें ‘लिबर्टी’ एंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर नेलें. सखल प्रदेशांत, डेटन येथें, जें साडेतीनशें अश्वशक्ति देत होतें, त्यानें शिखरावर २३० च दिली. टर्बो लावल्यावर ती ३५६ झाली. शिखरावरची हवा थंड होती, यांत शंका नाहीं. तरीहि एंजिन धापा टाकीत होतें. आपल्याकडचा हिशेब करून पाहावा. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर, महाबळेश्वर सुमारें १,३७० मीटर. मे महिन्याच्या दुपारीं सांगलीस ४० अंश आणि महाबळेश्वरीं ३० अंश धरले, तर गारव्यानें हवेची घनता तीन टक्क्यांच्या वर वाढते. पण उंचीमुळें दाब साडेनऊ टक्क्यांनीं उतरतो. वजाबाकीअंतीं महाबळेश्वराच्या त्या सुखद हवेंत सांगलीच्या भाजणाऱ्या हवेपेक्षां सुमारें साडेसहा टक्के कमी प्राणवायु असतो. माणसाला हवा आल्हादकारक वाटली म्हणून एंजिनालाहि ती मानवेल असें नाहीं.

थंडाव्याची किंमत ओळखली ती दुसऱ्या महायुद्धांतील विमानांच्या एंजिनांनीं. रोल्स-रॉइसच्या ‘मर्लिन’ एंजिनांत पेट्रोल पंपाच्या आधींच हवेंत मिसळलें जाई. त्या पेट्रोलची वाफ होतांना हवा सुमारें २५ अंशांनीं निवत असे, आणि निवलेली हवा पंपास दाबावयास सोपी जाई. प्रत्येक सिलिंडरांत नेमकें पेट्रोल फवारण्याची जर्मन पद्धत इतर बाबतींत सरस असूनहि इंग्रज अभियंते आपली जुनी पद्धत सोडीनात, त्याचें एक कारण हा गारवा होता. पुढें स्टॅन्ली हूकर व त्याचे सहकारी यांनीं एकापुढें एक असे दोन पंप बसविले, तेव्हां हवा इतकी तापूं लागली कीं नुसत्या पेट्रोलच्या गारव्यानें भागेना. मग पंप आणि एंजिन यांच्या मध्यें हवा निवविणारें इंटरकूलर नांवाचें साधन आलें. १९४२ सालच्या ‘स्पिटफायर’ विमानास याच एंजिनानें उंचावर नवें बळ दिलें. थंड हवेची गरज कोठें असते, पंपाच्या आधीं कीं नंतर, याचें उत्तर या एंजिनानें ‘दोन्हीकडे, पण अधिक नंतर’ असें दिलें आहे.

आतां गॅरेजांतल्या त्या दोन पक्षांकडे परत येऊं आणि त्यांच्यापुढें आंकडे ठेवूं. सांगलीची दुपार, बाहेर ४० अंश. एका गाडीची नळी बाहेरची हवा घेते. दुसरीची बॉनेटखालची, ६० अंशांची. दोन्हींत सुपरचार्जर हवा दीडपट दाबतो आणि त्याची कार्यक्षमता ६० टक्के आहे, असें धरूं. पहिलींत पंपांतून हवा सुमारें १०४ अंशांवर बाहेर पडते, दुसरींत सुमारें १२८ अंशांवर. म्हणजे ‘पुढें तापणारच, मग सारखेंच’ म्हणणारा पक्ष येथेंच हरला. पंप दोन्ही हवांस एकाच तपमानावर आणून सोडीत नाहीं. उलट आरंभींचा २० अंशांचा फरक तो २४ वर नेतो, कारण ऊन हवा दाबतांना अधिक तापते. परंतु पंपापुढें इंटरकूलर असला आणि बाहेरच्या हवेशीं असलेल्या फरकापैकीं ७० टक्के त्यानें काढून घेतला, तर पहिली हवा ५९ अंशांवर व दुसरी ६६ अंशांवर एंजिनांत शिरते. चोवीसचे सात उरले. तेव्हां ‘थंड नळीनें चमत्कार होतो’ म्हणणाऱ्यानेंहि आवाज थोडा खालीं आणावा.

येथें एक बारकावा आहे व तो बाजारांत कोणी सांगत नाहीं. पट्ट्यानें फिरणारा सुपरचार्जर एका फेरीस ठराविक मापाची हवा उचलतो, अगदीं नीलसनच्या काळच्या वाऱ्याच्या यंत्राप्रमाणें. त्याच्या तोंडाशीं ४० अंशांची हवा असेल तर ६० अंशांच्या हवेपेक्षां तो वजनानें सहा टक्के अधिक हवा उचलील, आणि पुढचा इंटरकूलर हें वजन कमी करूं शकत नाहीं; फार तर आंतला दाब किंचित् वाढतो. टर्बोचें तसें नाहीं. त्याचा नियंत्रक ठरलेल्या दाबापाशीं त्यास रोखून धरतो; ऊन हवा आली तर टर्बो अधिक वेगानें फिरून तोच दाब गांठतो, आणि शेवटीं फरक राहतो तो इंटरकूलरच्या मागच्या सात अंशांचा, म्हणजे दोन टक्क्यांचा. डिझेल एंजिनांची शक्ति मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत २५ अंश हें प्रमाण धरून हवेच्या तपमानाची व दाबाची दुरुस्ती करतात. ती करतांना साधीं एंजिनें आणि यांत्रिक सुपरचार्जरचीं एंजिनें एका सूत्राखालीं घेतलीं आहेत, टर्बोचीं निराळ्या. अर्थात् जो लाभ सुपरचार्जरच्या गाडीस होईल तो टर्बोच्या गाडीस होईलच असें नाहीं. आणि आज आपल्या रस्त्यांवर टर्बोच्याच गाड्या फार.

पेट्रोलच्या गाडीस आणखी एक लाभ आहे. दाबलेलें मिश्रण फार ऊन झालें कीं तें ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहतां एकदम भडकतें व एंजिनांतून खणखणाट येतो. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यानें या रोगाच्या अभ्यासांत आयुष्यांतलीं कित्येक वर्षें घालविलीं. त्याच्या नांवाच्या संस्थेचें साहाय्य साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें आपल्या नव्या एंजिनांच्या आंखणीसाठीं घेतलें, हा योगायोग सुखद आहे. आजच्या गाडींतला गणकयंत्राचा मेंदू खणखणाटाची चाहूल लागतांच ठिणगी उशिरा टाकतो. एंजिन वांचतें, पण जोर जातो. खंबाटकीचा घाट भर दुपारीं चढतांना निवलेली हवा हा जोर जाऊं देत नाहीं. उलट कांहीं गाड्यांचा मेंदू ठरलेल्या जोरापलीकडे गेल्यास जास्तीची हवा बाजूच्या झडपेनें परत फिरवितो, आणि नळीवर खर्चलेले पैसे त्या झडपेंतून निघून जातात.

मग नळी बदलावी कीं नाहीं? मूळची नळी कोठून हवा घेते तें आधीं पाहावें. बहुतेक गाड्यांच्या काळ्या पेटीचें तोंड कारखान्यानेंच पुढच्या जाळीमागें, रेडिएटरच्या वर, बाहेरच्या हवेंत काढलेलें असतें. या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्यास जोडल्या गेलेल्या मर्सिडीझच्या ‘कॉम्प्रेसर’ गाड्यांस सुपरचार्जर व इंटरकूलर हीं दोन्ही होतीं. अशा गाडीची पेटी काढून तेथें उघडी शंकूची गाळणी बसविली, तर ती बॉनेटखालची हवा ओढूं लागते, आणि ‘थंड हवेच्या’ नांवाखालीं गाडीस ऊन हवा पाजली जाते. आनेवाडीच्या टोलनाक्यावर दहा मिनिटें रांगेंत उभें राहावें लागलें कीं ती हवा कुठल्या कुठें जाते. मालकास हें कळत नाहीं, कारण पेटी गेल्यामुळें एंजिनाचा श्वास आतां मोठ्यानें ऐकूं येतो, आणि कानास तो जोर वाटतो. हिवाळ्यांतल्या सकाळीं नवी नळी लावून केलेली चाचणी आणि आदल्या दुपारीं जुन्या नळीवर केलेली चाचणी यांची तुलना तर सर्रास होते. तपमानाचा दहा अंशांचा फरक हा एकटाच तीन टक्क्यांचा, हें ज्यास माहीत नाहीं तो त्या तीन टक्क्यांचें श्रेय नळीस देऊन मोकळा होतो. बाजारांतल्या ओळखींत फसलेला माणूस सहसा तक्रार करीत नाहीं. तो पुढच्या गिऱ्हाइकास तीच नळी सुचवितो.

एका गोष्टीपुरता मात्र मी नळीवाल्यांच्या बाजूचा आहे. हवेच्या वाटेंतला अडथळा सुपरचार्जरच्या गाडीस फार महाग पडतो. गाळणी धुळीनें तुंबून पंपाच्या तोंडाशींच दोन टक्के दाब पडला, तर पुढील सर्व दाब त्याच प्रमाणांत पडतो, आणि पंप फिरविण्याची मेहनत कमी होत नाहीं. ऊसाच्या हंगामांत ट्रॉल्यांनीं फोडलेल्या रस्त्यांवरून जी धूळ उडते तिचा थर गाळणीवर पाहावा, म्हणजे खात्री पटेल. पण त्याचा उपाय कांहीं शेंकड्यांची नवी गाळणी हा आहे. उघड्या शंकूची जाळी विरळ असली तर तीच धूळ आंत जाते, आणि पंपाच्या पाकळ्यांत व सिलिंडरांत वाळूचें काम करते. पावसाळ्याचा गारवाहि फसवा असतो. जुलैंतल्या ओल्या हवेंत वाफेनें दोन-तीन टक्के जागा अडविलेली असते, व तेवढा प्राणवायु कमी.

कांहीं उत्साही लोक खरोखर थंड हवा मिळावी म्हणून नळीचें तोंड पुढच्या बंपरच्या तळाशीं, जमिनीपासून हातभर उंचीवर आणून सोडतात. हवा तेथें चांगली मिळते, हें कबूल. परंतु सांगलीनें २००५ आणि २०१९ सालचे पूर पाहिलेले आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें, आणि शहराच्या रस्त्यांवर मोटारी पाण्यांत उभ्या होत्या. पूर सोडाच, आषाढांतल्या एका रात्रीच्या पावसानें ओढ्यावरच्या फरशीवरून गुडघाभर पाणी वाहूं लागतें. अशा पाण्यांतून जातांना तळाशीं असलेलें तोंड हवेबरोबर पाणी ओढतें. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येतांना त्याच्या डोक्यावर पाणी सांपडलें कीं त्याचा कनेक्टिंग रॉड वांकतो, कित्येकदां सिलिंडरची भिंत फुटते, आणि एंजिन खोलून पाहण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं. कारखान्यानें त्या काळ्या पेटीचें तोंड रेडिएटरच्याहि वर, उंचावर ठेवलें आहे, तें याच कारणास्तव.